कोटापासून तिजोरीपर्यंत

राजापेठेत एक वेल्डिंगचे दुकान आहे. दुकान म्हणजे काय, चार पत्रे, एक ट्रान्सफॉर्मर आणि रस्त्यापर्यंत पसरलेले लोखंड. गेल्या माघात तेथून जात असता एक तरुण कारागीर लोखंडी पेटी जुळवताना दिसला. खिडक्यांचे गज आणि फाटकांच्या जाळ्या यांत रमणारा हा मुलगा पेटी कोणासाठी करतो आहे, याचे मला कुतूहल वाटले. काळी काच कपाळावर सरकवून तो म्हणाला, "मायसाठी तिजोरी करून राह्यलो, काका." चोराची एवढी भीती आहे काय, असे मी विचारले. तो हसला. "चोराले काय सापडते आमच्या घरी? कागदंच त हायेत."

त्या उत्तराने मी दोन महिने विचार करतो आहे. आज व्यासपीठावर उभा आहे तो त्याच्याच जोरावर. इतिहासात राजांच्या खजिन्यांची वर्णने पुष्कळ सापडतात. पण ज्या घरात सोने नाही, त्या घराने आपले मोलाचे ते कोठे आणि कशाच्या भरवशावर ठेवले, हे आपण सहसा विचारीत नाही.

आपल्या अमरावतीपुरते बोलायचे तर या गावाची पहिली तिजोरी म्हणजे गावाचा कोट. निजामाच्या राज्यात 1807 मध्ये या दगडी तटाचे काम सुरू झाले, ते येथील धनिक व्यापाऱ्यांना पेंढाऱ्यांपासून वाचवण्यासाठी. उंची 20 ते 26 फूट, घेर सव्वादोन मैल, पाच वेशी आणि चार खिडक्या. अंबागेट, नागपुरी गेट, खोलापुरी गेट ही नावे आपण रिक्षावाल्याला सांगतो तेव्हा आपण एका जुन्या तिजोरीच्या कड्याकोयंड्यांची नावे घेत असतो, हे मनातही येत नाही. खुनारी खिडकीचे नाव मात्र स्वतःच बोलते. 1818 साली तिच्याजवळ झालेल्या झुंजीत सुमारे 700 माणसे पडली, असे गॅझेटियर सांगते. तट केवढाही भक्कम असो, प्रसंग येतो तो दारावर. तिजोरी बनवणाऱ्या प्रत्येक कारागिराला पुढे हाच धडा नव्याने शिकावा लागला.

तटाच्या आत प्रत्येक घराची आणखी एक व्यवस्था होती, ती म्हणजे जमीन. धान्य पेवात, रुपये हंड्यात आणि हंडा चुलीखाली किंवा देवघराखाली. या व्यवस्थेला कुलूप नव्हते, किल्ली मात्र होती. ती म्हणजे घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती. म्हातारा अकस्मात गेला की किल्ली गेली.

जमिनीखालचा पैसा फारसा हलत नाही आणि वऱ्हाडातला पैसा तर हलू लागला होता. पेस्तनजी यांच्या पेढीने 1825-26 मध्ये वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे पाठवला. 1842 मध्ये एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादून कापूस कलकत्त्याकडे रवाना केला, अशी नोंद गॅझेटियरात आहे. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने, म्हणजे 1861 ते 1865 या वर्षांत, लिव्हरपूलला कापूस मिळेना आणि आपल्या काळ्या जमिनीवर चांदी पडू लागली. त्या दिवसांत शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या, ही आख्यायिका सर्वांनी ऐकलेली आहे; मला तिच्या खरेपणापेक्षा ती सांगताना माणसांचे डोळे कसे होतात, याचेच अधिक महत्त्व वाटते. रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली, बडनेऱ्याहून अमरावतीचा फाटा 1871 मध्ये निघाला, आणि वस्ती कोटाबाहेर ऐसपैस पसरली. आता तटाचा उपयोग राहिला नाही. जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात, अडत्याच्या गादीमागे, दुकानाच्या माजघरात ज्याची त्याची वेगळी लोखंडी पेटी आली. तिजोरी हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला असे मानतात. वस्तू मात्र बहुधा इंग्लंडहून येई.

या विलायती पेट्यांचा दरारा मोठा होता. चब कंपनीने 1835 मध्ये तिजोरीचे पेटंट घेतले. तिचे कुलूप असे होते की, कोणी खोटी किल्ली चालवली तर आतला खटका अडकून बसे आणि मालकाला ते कळे. पण 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने हे कुलूप सुमारे 25 मिनिटांत उघडून दाखवले. ब्रामाचे कुलूप त्याहून बिकट. त्याला 16 दिवसांत मिळून 51 तास लागले, पण तेही उघडले. बंद खोलीत, कोणी त्रास न देता, 51 तास मिळणारा चोर आमच्या वऱ्हाडात तरी अजून जन्माला यायचा आहे.

हिंदुस्थानात ही वस्तू घडवण्याचे श्रेय अर्देशीर गोदरेज यांचे. हे गृहस्थ मूळचे वकील. वकिली त्यांच्या सचोटीला मानवली नाही. नंतर शस्त्रक्रियेची हत्यारे बनवू लागले, तर त्यांवर 'हिंदुस्थानात तयार केलेले' हे शब्द घालण्यावरून गिऱ्हाइकाशी बिनसले. 1897 मध्ये मुंबईत लालबागला त्यांनी कुलपांचा कारखाना काढला आणि 1902 मध्ये पहिली तिजोरी बाजारात आणली. त्या वेळी देशात पोलादाचा कारखाना नव्हता. साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, टाटांचे पहिले पोलाद निघाले ते 1912 मध्ये. स्वदेशीची भाषणे पुष्कळ झाली, त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. पण विलायती नावावाचून आपल्या व्यापाऱ्याने आपला पैसा देशी पेटीत ठेवावा, हा विश्वास मिळवणे भाषणाहून अवघड होते. राणी मेरीने 1911-12 च्या दौऱ्यात आपल्या मौल्यवान वस्तूंसाठी गोदरेजची तिजोरी वापरली, ही गोष्ट पुढे जाहिरातीत फार उपयोगी पडली. त्याहून मोठा मान मला वेगळा वाटतो. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लोखंडी मतपेट्यांपैकी फार मोठा वाटा याच कंपनीच्या विक्रोळीच्या कारखान्याने उचलला. तिजोरीवाल्याच्या हातून देशाचा कौल ठेवण्याची पेटी निघाली.

आता थोडे घरचे सांगतो. माझ्या आजोबांकडे एक लोखंडी पेटी होती, जाड पत्र्याची, चार बोटांएवढ्या कुलपाची. घराला एकदा आग लागली. पेटी जशीच्या तशी राहिली, कुलूपही. दुसऱ्या दिवशी ती उघडली तेव्हा आत खरेदीखत, शेताचे कागद आणि आजीचे एक पत्र यांच्या जागी काळ्या पापुद्र्यांची चळत होती. अक्षरे काही ठिकाणी दिसत होती. हात लावताच गेली. शेताच्या नोंदीसाठी वडिलांनी पुढे कचेरीचे किती खेटे घातले, ते मी पाहिले आहे. पेटीने चोराला रोखले असते. पण त्या रात्री चोर आलाच नव्हता.

कारण साधे आहे. लोखंड उष्णता झटकन आत पोचवते. कागद अडीचशे अंशांच्या आसपास काळवंडतो आणि जळत्या घरात उष्णता आठशे-हजार अंशांपर्यंत जाते. एकेरी पत्र्याची पेटी आगीत तिजोरी राहत नाही, तिची भट्टी होते. यावरचा उपाय सापडला तो पुन्हा लिव्हरपूललाच, जेथे आमचा कापूस उतरत असे. टॉमस मिल्नर याने 1840 मध्ये पेटंट घेतले: भिंती दुहेरी करायच्या आणि मधल्या पोकळीत पाणी धरून ठेवणारे क्षार भरायचे. आपल्या घरातली तुरटी घ्या. तिच्या वजनात सुमारे 45 टक्के पाणी कोरडेपणाने बसलेले असते. आच लागली की ते वाफ होऊन निघते आणि निघताना उष्णता घेऊन जाते. ते संपेपर्यंत आतला कागद शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. जिप्समचे प्लास्टरही हेच काम करते, त्यात पाणी सुमारे 21 टक्के. जुनी तिजोरी हलवताना तिच्या अंगात माती भरल्यासारखी जड वाटते, ती याच भरावामुळे.

या सर्वाची मोठी परीक्षा 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईला झाली. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर सुमारे 1,400 टन दारूगोळा, कापसाच्या हजारो गाठी आणि सोन्याच्या विटा एकत्र होत्या. कापसाच्या गाठींना धग लागली तर ती बाहेर दिसत नाही, आत पोखरत जाते, हे येथे बसलेल्या जिनवाल्यांना मी सांगायला नको. दुपारी 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. सोने होते जहाजाच्या पोटात वेल्ड केलेल्या पोलादी पेटीत. त्यातली एक वीट सुमारे मैलभर दूर एका घराच्या सज्जावर जाऊन पडली. घरमालकाने ती प्रामाणिकपणे सरकारजमा केली. आठशे ते तेराशे माणसे गेली. नंतर जळालेल्या पेढ्यांच्या राखेतून तिजोऱ्या काढल्या गेल्या, आणि गोदरेजच्या तिजोऱ्यांतले कागद शाबूत निघाल्याची ख्याती देशभर झाली.

वेल्डिंगचा उल्लेख आलाच आहे. जुन्या पेट्या रिबिटांनी जोडलेल्या असत आणि रिबीट छिन्नीने उडवता येते. 1903 च्या सुमारास फ्रान्समध्ये ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन यांची ज्योत हाताळणारा टॉर्च निघाला; तिची उष्णता तीन हजार अंशांवर, आणि पोलाद वितळते पंधराशेच्या आसपास. लेप दिलेल्या कांडीने विजेचे वेल्डिंग त्याच दशकात स्वीडनच्या शेलबर्गने रुळवले. सांधा पत्र्याइतका मजबूत झाला. मौज अशी की, जी ज्योत तिजोरी जोडते तीच ती कापतेही. म्हणून आज कोणताही शहाणा कारागीर न फुटणारी पेटी करतो असे म्हणत नाही; तो चोराचा वेळ विकत घेतो.

आमच्या मुलाची पेटी 60 सेंटिमीटर उंच, 45 रुंद, 45 खोल, सहा मिलिमीटर प्लेटची. हिशेब केला, तर नुसत्या पत्र्याचे वजन सुमारे 70 किलो. दोन माणसे ती उचलून नेतील, म्हणून तळाला चार भोके, बोल्ट थेट फरशीखालच्या काँक्रीटमध्ये. गुण्या लावून आधी सगळीकडे छोटे टाके, मग समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने. एका बाजूने सलग ओढत गेले की प्लेट वाकते आणि दार चौकटीत बसत नाही. बिजागऱ्या बाहेर ठेवल्या होत्या. चोराने त्या कापल्या तर, असे मी विचारताच त्याने दार उघडून दाखवले: बिजागरीच्या बाजूलाही दोन पक्के दांडे, दार मिटताच चौकटीच्या मागे जाणारे. खुनारी खिडकीचा धडा त्याला कोणी शिकवला नव्हता.

आगीचे मात्र त्याच्या ध्यानी नव्हते. मी आजोबांच्या पेटीची हकीकत सांगितली. त्याने ग्राइंडर खाली ठेवला आणि बराच वेळ पेटीकडे पाहत राहिला. मग विचारले, "आतून दुसरा पत्रा टाकला, मधात प्लास्टर भरलं, त जमन काय?" जमेल, म्हणालो, पण भराव ओला असताना तोंड वेल्ड करू नकोस, वाफ कोंडून फुटेल. आणि आतला पत्रा जस्ती घेऊ नकोस, त्याचा धूर वेल्डिंग करताना छातीत भरून ताप आणतो.

फाल्गुनात पुन्हा गेलो. पेटी उन्हात ठेवलेली होती, दाराला वीट लावून, प्लास्टर वाळण्यासाठी. शेजारी स्टुलावर त्याची आई बसली होती. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला आणि मुलाची दहावीची गुणपत्रिका. किती दिवस लागतील वाळायला, असे तिने मला विचारले. ऊन असेच राहिले तर पंधरवडा, मी सांगितले. तिने पिशवीची गाठ पुन्हा घट्ट केली.