बुंद, गोटा आणि फुटाणा

जुन्या मराठी गद्यात अधूनमधून असा मजकूर भेटतो की अमक्याच्या पदरी गुणी माणसांची चहा होत असे. आजचा वाचक तिथे क्षणभर कपबशा मांडून मोकळा होतो. पण ही चहा बाईमाणूस आहे. चाहणे या क्रियापदाची ती लेक. अर्थ कदर, आवड, मागणी. तो चहा, म्हणजे आपला किटलीतला, मागाहून आला आणि त्याने तिला घराबाहेर काढलं. आता कुणाची चहा करायची म्हटलं तर साखर किती, हाच पुढचा प्रश्न. तिच्या घरातला चाहता तेवढा टिकून आहे, तोही बहुतेक नटांचा आणि क्रिकेटवाल्यांचा. कोशात चहाच्या शेजारी चहाडी आणि चहाटळ हे दोघेही राहतात. व्युत्पत्तीने त्यांचं किटलीशी काही नातं नाही. टपरीवर मात्र तिघांची बैठक रोज भरते.

किटलीतल्या चहाचं माहेर चीन, हे सर्वांना ठाऊक असतं. गंमत पुढेच आहे. ज्या एका अक्षराने चिनी माणूस चहा लिहितो, त्याला तिथल्या बऱ्याच भागांत ‘चा’ म्हणतात आणि फूच्यानच्या किनाऱ्यावर ‘ते’. डचांनी माल फूच्यानी व्यापाऱ्यांकडून उचलला, म्हणून पश्चिम युरोप ‘टी’ आणि ‘ते’ म्हणू लागला. पोर्तुगीज मकावला बसले होते, त्यांच्या वाट्याला ‘चा’ आला. खुष्कीने इराणात गेलेल्या ‘चा’च्या शेपटाला तिथे य चिकटला आणि तो ‘चाय’ होऊन हिंदीत उतरला. मराठी चहात हा य नाही. वसई, चौल, गोवा अशी पोर्तुगीजांची ठाणी आपल्या किनाऱ्यावर शतकानुशतकं होती. तेव्हा आपला शब्द समुद्राकडून चढून आला असं मानण्याकडे माझा कल आहे. ह लिहायचा आणि बोलताना गिळायचा, ही मात्र आपली रीत. जळगावच्या आमच्या पिंप्राळ्यात टपरीवर ह ठासून म्हणणारा गिऱ्हाईक एकतर शिक्षक असतो, नाहीतर परगावचा. बाकी सगळे ‘चा’ किंवा ‘च्या’ मागतात, म्हणजे नकळत चिनी उच्चाराच्याच अधिक जवळ जातात.

या ‘चा’ने महाराष्ट्रात एकदा मोठा गहजब केला होता. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. मंडळींत टिळक होते, रानडे होते. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तापर्यंत पोचलं. ग्रामण्य हा शब्द आता समजावून सांगावा लागतो. चहा समजावून सांगावा लागत नाही. त्याचं श्रेय सुधारकांपेक्षा मी मळेवाल्यांना देईन. 1903 च्या कायद्याने चहाच्या निर्यातीवर उपकर बसला, त्या पैशातून प्रचार सुरू झाला, आणि पुढे रेल्वे स्टेशनांवर चहा कसा करावा याची कृती सांगणाऱ्या पाट्या झळकल्या. एका बाजूला भुसावळ जंक्शन, दुसऱ्या बाजूला सुरतेची गाडी. खानदेशाला चहा रेल्वेनेच शिकवला असावा. कॉफीवाल्यांनाही हीच युक्ती सुचली. त्यांच्या उपकर समितीने 1936 मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं कॉफी हाऊस काढलं. ते खानदेशापर्यंत पोचायचं राहून गेलं. आमच्याकडे कॉफी म्हणजे जायफळ घातलेलं गोड दूध, आणि तेही रात्री जागायचं असेल तर किंवा मुलगी बघायला मुंबईचे पाहुणे आले तर.

म्हणून कॉफीचे खरे शब्द ऐकायला मला माटुंग्याला जावं लागलं. किंग्ज सर्कलच्या आसपास दाणे भाजून डोळ्यांदेखत दळून देणारी जुनी दाक्षिणात्य दुकानं आहेत. पाटी वाचायच्या आधी वास येतो. बरोबर आमचे दाजी होते, पिंप्राळ्याचेच. दाजींची हयात जळगावच्या डाळमिलात गेली आहे. दुकानात शिरल्यावर माणूस फळा बघतो, दाजींनी आधी चाळण्या बघितल्या.

फळ्यावर होतं: प्लांटेशन ए, पीबेरी, रोबस्टा चेरी.

“प्लांटेशन म्हणजे मळाच ना? मग बाकीची काय बांधावर उगवते का?” दाजींनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. पण धंद्यातले शब्द कोशाचं ऐकत नाहीत. भारतीय कॉफीच्या बाजारात गर काढून, धुऊन वाळवलेल्या अरेबिकाला प्लांटेशन म्हणतात. फळासकट उन्हात वाळवलेली ती चेरी, मग अरेबिका असो की रोबस्टा. धुतलेल्या रोबस्टाचं नाव पार्चमेंट, कारण दाण्यावर उरणारं टरफल कातड्याच्या जुन्या लिहायच्या कागदासारखं दिसतं. म्हणजे एकाला जागेचं नाव, दुसऱ्याला फळाचं आणि तिसऱ्याला टरफलाचं. दुकानदाराने हे सांगितलं तेव्हा दाजींना त्यात काही विचित्र वाटलं नाही. डाळीच्या बाजारात तरी मोगर आणि फटका यांचा अर्थ कोशात कुठे मिळतो?

पीबेरी त्यांना क्षणात कळली. कॉफीच्या फळात सहसा दोन बिया असतात, एकमेकींना चिकटलेल्या बाजूने सपाट, बाहेरून फुगीर. कधी एकच बी धरते, मग तिला दाबायला कुणी नसतं आणि ती गोल होते. इंग्रजांना तिच्यात वाटाणा दिसला. दाजींनी एक दाणा चिमटीत धरून म्हटलं, “हा तं गोटा आहे.” डाळमिलात न फुटलेल्या, सालं काढलेल्या अख्ख्या दाण्याला गोटा म्हणतात, उडदाचा गोटा आपण बाजारातून आणतोच. मला हे नाव पीबेरीपेक्षा सरस वाटतं. वाटाण्यात नुसता आकार सांगितला जातो, गोट्यात दाणा दुभंगला नाही हेही येतं. डाळ या शब्दाच्या मुळाशीच दुभंगणं आहे: संस्कृत ‘दल्’, फुटणे, तडकणे. दळणे हे क्रियापदही त्याच धातूचं. तेव्हा डाळमिलातला माणूस कॉफी दळणाऱ्याच्या दुकानात परका नव्हताच, धातुपाठानेसुद्धा.

मागच्या खोलीत भट्टी चालू होती. कच्चा दाणा हिरवट-करडा असतो आणि त्याला कॉफीचा वास अजिबात येत नाही, ओल्या गवताचा येतो. फिरत्या पिंपात तो आधी पिवळा पडतो, मग बदामी होतो आणि साधारण 200 अंश सेल्सियसच्या सुमाराला तडतडायला लागतो. दाण्यातल्या पाण्याची वाफ होते, ती कोंडते आणि दाणा उकलून बाहेर पडते. भट्टीवरच्या पोराने आम्हाला ऐकवलं, “फर्स्ट क्रॅक.” त्याच क्षणी दाजी म्हणाले, “फुटला.” दोघं एकच बोलले होते. हरभरा फुटतो म्हणून फुटाणा; नाव आवाजावरून नाही, तर त्या घटकेवरून पडलं आहे. थोडं थांबून दाजींनी आणखी एक विचारलं, आणि त्या प्रश्नाने दुकानदाराची त्यांच्याकडे बघायची नजर बदलली. “घट किती येते?” घट हा शब्द जळगावात डाळीच्या गोदामात आणि सराफाच्या पेढीत सारख्याच गांभीर्याने उच्चारला जातो. भाजण्यात शेकडा पंधरा ते वीस वजन उडतं, पाणी आणि वरचा पापुद्रा मिळून. पुढे दोघांचं बोलणं भावावर गेलं आणि माझं काम संपलं.

भाजणे हा शब्द संस्कृत ‘भृज्ज्’ धातूचा वारस. त्याच धातूपासून भ्राष्ट्र, म्हणजे दाणे भाजायचं भांडं, आणि भ्राष्ट्रापासून आपली भट्टी. भडभुंजा या शब्दात तर हे घराणं दोनदा आलं आहे: भाड म्हणजे भट्टी, आणि भुंजणारा म्हणजे भाजणारा. आजकाल कॉफीच्या पाकिटावर ‘रोस्टर’ छापतात, छापोत बिचारे. भडभुंजा लिहिलं तर गिऱ्हाईक फुटाणे मागेल, हेही खरं.

कॉफीच्या दाण्याला मराठीत आधीपासून एक नाव होतं, ते या दुकानात कुणालाच आठवलं नाही. बुंद. बुंददाणा. हा अरबी ‘बुन्न’, आणि इथिओपियात, जिथून ते झाड आलं, कॉफीला आजही बुना म्हणतात. (तिथल्या काफा प्रांतावरून कॉफी हे नाव पडलं, असं मोठ्या आत्मविश्वासाने सांगणारे लोक भेटतात; त्यांना हा बुना दाखवावा.) कॉफी हा शब्द अरबी ‘कहवा’चा. तो तुर्कांकडे ‘काहवे’ झाला आणि डचांकडून इंग्रजीत गेला. अरबीत कहवा हे आधी मद्याचं नाव होतं. म्हणजे अरबांकडे दाणा आणि पेय यांना दोन वेगळे शब्द होते आणि मराठीनेही सुरुवातीला ही वाटणी राखली. पुढे इंग्रजी कॉफीने दोन्ही जागा घेतल्या. बुंद मागे पडायला आणखी एक कारण असावं: थेंब या अर्थाचा बुंद, संस्कृत ‘बिंदू’चा, लाडवातल्या बुंदीचा, आधीच इथे ठाण मांडून होता. एका घरात दोन बुंद नांदणं अवघड. गुजरातेत ते दोघेही नांदतात, आणि कहव्याचा ‘कावो’ही जुनागढकडे मसालेदार होऊन जिवंत आहे. आपल्याकडे कावा म्हटलं की शिवाजी महाराजांचे मावळे आठवतात. तो कावा फारसीतला, घोडा गोल गोल फिरवण्याचा. त्याचं आणि कॉफीचं काही देणंघेणं नाही.

भारतात हा दाणा बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनमधून आणला आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावला, अशी कथा आहे. बुदन आणि बुंद जुळतात ते योगायोगाने. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती मेळघाटात, चिखलदऱ्याला. सातपुडा तोच, फक्त आमच्यापासून बराच पूर्वेला. दुकानात तिचं नाव काढलं तर दुकानदार हसला. मला त्याचा राग आला नाही, पण खानदेशात कुणी कॉफीचं दुकान काढलंच तर तो दाणा ठेवावा असं वाटून गेलं.

कपाटात एक डबा होता मान्सून्ड मलबारचा. शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना कॉफी महिनोन्महिने दमट हवेत फुगायची, पिवळी पडायची. सुएझचा कालवा 1869 ला उघडला, प्रवास आटोपशीर झाला आणि ती चव गेली. तिकडच्यांना तीच हवी होती, म्हणून आता किनाऱ्यावरच्या गोदामांत दाणे मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर पसरतात. मान्सून हा अरबी ‘मौसिम’, म्हणजे ऋतू, पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेलेला. तोच मौसिम फारसीकडून आपल्याकडे मोसम म्हणून आला. बातम्यांत ‘मान्सून’ आणि भूगोलात ‘मोसमी वारे’ म्हणणाऱ्या मराठी माणसाकडे एकाच घरचे दोघे भाऊ दोन दारांनी आलेले आहेत.

चहाच्या फळीवर दाजी पुन्हा मातब्बर ठरले. पानं चिरडून, फाडून, वळवून दाणे करायचं यंत्र 1930 च्या सुमाराला आसामात निघालं. तोच आपला सीटीसी. गुजराती व्यापारी त्या दाणेदार चहाला ममरी म्हणतात. सुरतेच्या गाडीने जे शब्द येतात त्यांना जळगावात नवखं म्हणत नाहीत. खालच्या डब्यांवर ‘फॅनिंग्ज’ आणि ‘डस्ट’ होतं. डस्ट म्हणजे चुरा. फॅनिंग्ज म्हणजे वारा घालून वेगळं केलेलं, अर्थात पाखडण. मग ग्रीन टीचा डबा आला आणि घोटाळा झाला. हिरवा चहा म्हणावं, तर शेजारच्या गुजरातीत ‘लीली चा’ म्हणजे आपला गवती चहा, आणि गवती चहा तर चहाच नव्हे, गवत आहे. खरा हिरवा चहा आला तेव्हा त्याचं नाव आधीच दुसऱ्याने घेतलेलं होतं. तो बिचारा ग्रीन टीच राहिला.

नव्या कॅफेतल्या इटालियन शब्दांवर मी फार वेळ घालवणार नाही. लाटे म्हणजे दूध. ते आमच्याकडे सांगायला लागत नाही. येमेनच्या मोखा बंदराचं नाव चॉकलेटच्या कॉफीला कसं लागलं, हे त्या बंदरालाही ठाऊक नसेल. एस्प्रेसोबद्दल मात्र बोलायला हवं. इटलीत तो बोटभर कडू काळा अर्क. खानदेशातल्या लग्नांत ‘एक्सप्रेसो’ म्हणजे वाफेने फसफसवलेलं गोड दूध आणि वर भुरभुरलेली चॉकलेटची पूड. हा अर्थ चुकीचा आहे असं म्हणायचं धाडस मला होत नाही. ज्या मंडपात पाचशे माणसं तो पिऊन खूश होतात तिथे शब्द त्यांचाच.

फिल्टरमधून उतरणाऱ्या अर्काला दक्षिणेत डिकॉक्शन म्हणतात. लॅटिन मुळानुसार अर्थ ‘उकळून आटवलेलं’, म्हणजे शब्दशः काढा. संस्कृत ‘क्वथ्’पासून कढणे, काढा आणि कढी ही तिन्ही भावंडं. गंमत अशी की फिल्टरची कॉफी उकळतच नाहीत, वरून गरम पाणी घालून झिरपू देतात. काढा खरा तर टपरीवरचा चहा, तासन्‌तास कढणारा. हे दाजींना पटलं, पण ते आपल्या पाकिटाच्या हिशेबात होते. त्यांनी ‘एटी-ट्वेंटी’ घेतली होती, ऐंशी भाग कॉफी आणि वीस भाग चिकोरी.

पाकीट पिंप्राळ्याला पोचलं ते आषाढी एकादशीच्या तोंडावर. त्या दिवशी गावात विठ्ठलाचा रथ निघतो, घर पाहुण्यांनी भरतं आणि निम्मं घर उपाशी असतं. चहा उपवासाला चालतो, कॉफी चालते. यावर कुणी शास्त्र काढत नाही. पण ताईने पाकिटावरचे आकडे वाचले आणि विचारलं, यातले वीस कशाचे? चिकोरी म्हणजे कासनी, हकिमांच्या औषधांतली. तिच्या निळसर फुलावरून कासनी हा रंगही झाला. गुजरात आणि उत्तर प्रदेशात ती पिकते, आणि कॉफीत घालतात ती तिची मुळी, भाजून, दळून. मुळी म्हटल्यावर ताई निवळली. मुळी म्हणजे कंद, कंद म्हणजे रताळ्याच्या भावकीतलं, तेव्हा चालेल. जायफळाबद्दल मात्र तिचं आणि तिच्या जाऊबाईंचं अजून एकमत झालेलं नाही.