फोनोची सुई



शहापूर आणि मुरबाड हे ठाणें जिल्ह्यांतील दोन तालुके डोंगराचे, भाताचे व रानाचे. शहापुराच्या पाठीशीं माहुलीचा किल्ला, मुरबाडच्या टोंकाला माळशेजचा घाट. या मुलखांतील कित्येक गांवांत विजेच्या आधीं गाणें पोचलें, आणि तें चावीच्या ग्रामोफोनवर पोचलें. त्या यंत्रास आमच्याकडे 'फोनो' म्हणत. फोनोच्या आठवणी निघाल्या कीं लोक कर्ण्याविषयीं बोलतात, तबकडीवरील कुत्र्याच्या चित्राविषयीं बोलतात. सुईविषयीं कोणी बोलत नाहीं. आज मी तिच्याविषयींच बोलणार आहें. ऐपत बेताची आणि यंत्र साधें, अशा घरांत गाणें टिकतें कीं जातें, हें सुईनेंच ठरविलें आहे.

आपल्या देशांत तबकडीसाठीं आवाज घेण्याचें मोठें काम इ. स. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास सुरू झालें. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायझबर्ग तेथें यंत्र घेऊन आले व गौहरजान आदि गायिकांचीं गाणीं त्यांनीं घेतलीं. तबकड्या मात्र जर्मनींत हानोव्हर येथें छापून बोटीनें परत येत. लाख येथली, गाणें येथलें आणि छपाई तेवढी परदेशची! १९०८ सालीं कलकत्त्यासच सियालदह येथें कारखाना निघाला, तेव्हां हा उलटा प्रवास थांबला. लाख म्हणजे पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवरील किड्यांचा राळेसारखा रस. पळस आमच्या रानांतही फुलतो. पण व्यापाराची लाख मुख्यतः छोटा नागपूरकडची.

त्या लाखेंत दगडाची बारीक पूड मिसळीत असत, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तिच्यामुळें तबकडीस बळकटी तर येईच. शिवाय ती पूड पोलादी सुईचें टोंक पहिल्या कांहीं फेऱ्यांतच घांसून खांचेच्या आकाराचें करी. म्हणजे सुईनें झिजावें, अशीच योजना होती. म्हणून एक बाजू वाजली कीं सुई टाकावयाची, असा नियम. सुयांच्या डब्या मिळत. मोठ्या आवाजाची सुई जाड, मंद आवाजाची बारीक. या यंत्रांत वीज नव्हती. सुई हाले, तिच्याबरोबर साउंडबॉक्समधील अभ्रकाचा पडदा हाले, आणि तोच आवाज कर्ण्यांतून बाहेर येई. एवढें काम सुईकडून करून घ्यावयाचें, तर तिच्यावर भार पाहिजे. हा भार १०० ग्रॅमांहून अधिक असे. जुन्या मापानें नऊ-दहा तोळे म्हणा ना!

आतां आमच्या घरांची काटकसर पाहा. एका बाजूस एक सुई, हा हिशेब कोणाला परवडणार? एकच सुई दहा-दहा बाजूंस चाले. झिजलेल्या सुईला चपट्या कडा येतात, आणि दहा तोळ्यांच्या भाराखालीं त्या खांचेच्या भिंती छिन्नीसारख्या तासतात. जुन्या तबकडीवर पांढुरकी झांक दिसते, ती याच काटकसरीची. बांबूच्या सुया निघाल्या होत्या, विलायतेंत कांट्यांच्याही सुया वापरीत. त्यांनीं तबकडी वांचे. पण १९२५ नंतर विजेच्या साहाय्यानें घेतलेल्या जोरकस आवाजाच्या तबकड्यांपुढें बांबूचें टोंक लवकर दबे.

या तासण्यानें काय गेलें, तें सांगतों. गंधर्व नाटक मंडळी १९१३ सालीं निघाली. 'स्वयंवर' १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. बालगंधर्वांचें एकेक पद 'वन्स मोअर' घेत रात्रभर लांबे म्हणतात. तबकडीवर तेंच पद तीन-साडेतीन मिनिटांत बसवावें लागे. मुंबई-पुण्याच्या रसिकाला ही तबकडी म्हणजे पाहिलेल्या नाटकाची आठवण. डोंगराकाठच्या शेतकऱ्याला तेवढेच त्याचे बालगंधर्व! सुईनें तीं तीन मिनिटें खरवडलीं, कीं त्याच्यापाशीं दुसरें कांहीं उरत नसे.

१९४८ सालीं अमेरिकेंत लाँग-प्ले तबकडी निघाली आणि सर्व हिशेब उलटला. नव्या तबकडीची खांच फार अरुंद. तिला लागणारें टोंक सुमारें २५ मायक्रॉन त्रिज्येचें, जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीला सुमारें ७५. नवी तबकडी व्हिनाइलची, मऊ, दगडाच्या पुडीविना. पूर्वीं तबकडी सुईला घडवी. आतां सुई कायमची कठीण, नीलमण्याची किंवा हिऱ्याची, आणि झिजण्याची पाळी तबकडीची. म्हणून भार उतरविणें प्राप्त झालें. विजेवर चालणारीं स्फटिक व सिरॅमिक कार्ट्रिजें आलीं, तीं सुधारत सुधारत चार-पांच ग्रॅमांवर उतरलीं. पुष्कळ कार्ट्रिजांना लहानसा खटका असे. तो एकीकडे फिरविला कीं ७८ ची सुई, दुसरीकडे फिरविला कीं लाँग-प्लेची. हा खटका न फिरवितां किती घरांत किती गाणीं वाजलीं असतील, देव जाणे.

आमच्या घरची गोष्ट याहून वाईट आहे. १९७२ च्या सुमारास माझ्या मामेभावानें पहिल्या पगारांतून ४५ फेऱ्यांची एक लहान तबकडी आणली, अभंगांची. आमच्या गांवीं तेव्हां वीज नव्हती. आजोबांचा फोनो होता. आम्हीं वेगाचा खिळा फिरवून फिरवून चाल मंद केली, नवी पोलादी सुई बसविली आणि साउंडबॉक्स हलकेच टेंकला. आवाज पातळ, बालकासारखा आला. सर्वांना हंसूं आलें. सुईच्या टोंकाशीं काळ्या लोंकरीसारखा कीस जमत होता, तोहि आम्हांला गमतीचा वाटला. पुढच्या आठवड्यांत ती तबकडी शहापुरास एका ओळखीच्यांच्या विजेच्या यंत्रावर लावली, तर आंत नुसती सळसळ. मामेभाऊ कांहीं बोलला नाहीं. आजोबांनीं ती धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून ट्रंकेंत ठेवली.

हल्लीं तबकड्यांची हौस पुन्हां आली आहे. पेटीसारखीं स्वस्त यंत्रें मिळतात. त्यांतील पुष्कळांत सिरॅमिक कार्ट्रिज असतें; तें अर्ध्या व्होल्टाच्या आसपास जोर देतें, म्हणून साध्या ध्वनिवर्धकावर भागतें. चुंबकी कार्ट्रिजचा जोर व्होल्टाच्या चार-पांच सहस्रांशांचा. त्याला वेगळा पूर्ववर्धक लागतो, पण भार दोनच ग्रॅमांचा. तेव्हां भार कमी-जास्त करतां येईल अशी भुजा असेल, तर साध्या यंत्रास गोल टोंकाचें साधें चुंबकी कार्ट्रिज मला योग्य वाटतें. सर्वांत महाग तें सर्वांत बरें, हें येथें लागू नाहीं. फार नाजूक, लवचिक सुई जड भुजेस लावली, तर ती स्प्रिंगेस टांगलेल्या वरवंट्यासारखी डुलूं लागते. त्या डुलण्याचा वेग सेकंदास ८ ते १२ वेळां असावा. त्याहून मंद झाला, तर तबकडीच्या बांकाबरोबर भुजा उसळते. उलट ताठ सुई हलक्या भुजेस लावूं नये. आणि ७८ च्या तबकडीस वेगळी जाड सुई हवीच. ती बदलतां येते. कार्ट्रिज तेंच राहतें. हें सर्व पाहूनच पैसे मोजावे.

मुंबईस १९९० सालीं जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था स्थापन झाली. अशा संग्राहकांकडे एक युक्ति असते. खांचेची भिंत एका उंचीवर तासली गेली असली, तरी तिच्या वर किंवा खालीं ती शाबूत असूं शकते. म्हणून किंचित् लहान-मोठ्या टोंकांच्या दोन-तीन सुया आळीपाळीनें लावून पाहावयाच्या.

मीं मुरबाडास सराफाच्या कांट्यावर माझ्या जुन्या यंत्राच्या भुजेचा भार तोलून घेतला; सराफाला मोठें नवल वाटलें. मग आजोबांची बालगंधर्वांची तबकडी काढली, पांढुरकी झालेली. नेहमींच्या ७५ च्या सुईनें पूर्वींसारखीच खरखर. त्याहून थोडी बारीक सुई लावली. ती खांचेंत जरा खालीं, आजोबांची पोलादी सुई जेथें पोचली नव्हती तेथें बसली, आणि दुसऱ्या अंतऱ्याची तान, जी मीं आयुष्यांत त्या तबकडीवर कधीं ऐकली नव्हती, ती ऐकूं आली.