चंदनाचा अदृश्य वैरी

मराठी घराचा चंदनाशी संबंध बहुधा सहाणेपुरता असतो. देवासाठी खोड उगाळणाऱ्यास त्या खोडाचा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु हे खोड जेथून येते त्या म्हैसूर प्रदेशात चंदन हा केवळ वृक्ष नव्हता. तो राज्याच्या उत्पन्नाचा एक आधार होता. टिपू सुलतानाच्या काळापासून त्यास राजवृक्षाचा मान मिळाला. तो कोणाच्याही शेतात उगवला, तरी मालकी सरकारची, असा दंडक पुढे कित्येक पिढ्या चालला. पहिल्या महायुद्धामुळे युरोपची बाजारपेठ बंद झाली, तेव्हा संस्थानाने स्वतःच तेल गाळण्यास आरंभ केला आणि लवकरच बेंगळुरूस चंदनाचा साबणही तयार होऊ लागला.

या वैभवास एका विलक्षण रोगाने ग्रासले होते. १८९९ साली कूर्गच्या रानात मॅकार्थी नावाच्या वनाधिकाऱ्याने त्याची प्रथम नोंद केली. रोगट झाडाची पाने बारीक होत जातात, फांदीवर ताठ उभी राहतात आणि फांदी कणसासारखी दिसू लागते. म्हणून इंग्रजीत त्यास ‘स्पाइक’ असे नाव पडले. झाडास फुले-फळे येईनाशी होतात आणि दोन-तीन वर्षांत ते वाळून जाते. १९०३ ते १९१६ या काळात कूर्ग व म्हैसूर भागांतून सुमारे दहा लक्ष झाडे काढून टाकावी लागली.

कारण मात्र कोणास सापडेना. चंदन हे अर्धपरोपजीवी झाड आहे. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांतून रस ओढून घेतात. तेव्हा शेजारी वाईट असेल, रसाचा समतोल बिघडला असेल, असे तर्क झाले. रानभर माजलेल्या घाणेरीवरही संशय गेला. म्हैसूरचे कृषिसंचालक लेस्ली कोलमन यांनी १९१७ मध्ये दाखवून दिले, की रोगट झाडाचे कलम निरोगी झाडावर बांधले असता रोग त्यात उतरतो. म्हणजे रोग सांसर्गिक होता. प्रश्न उरला तो संसर्ग करणारा कोण, हा. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत श्रीनिवासय्या व त्यांचे सहकारी या शोधात पुढे अनेक वर्षे गुंतले होते. १९४१ मध्ये रंगस्वामी व ग्रिफिथ यांनी एका जातीचे तुडतुडे रोग वाहून नेतात असे सिद्ध केले. वाहक सापडला, परंतु वाहिलेली वस्तू अदृश्यच राहिली.

येथे रोगशास्त्रातील एक जुना नियम आडवा येत होता. रॉबर्ट कॉख या जर्मन संशोधकाच्या परंपरेप्रमाणे रोगाचा जंतू रोग्याच्या शरीरातून वेगळा काढावा, काचपात्रात वाढवावा, पुन्हा निरोगी शरीरात घालून तोच रोग उत्पन्न करावा, तेव्हाच तो अपराधी ठरतो. चंदनाचा वैरी काचपात्रात वाढतच नव्हता. म्हणून त्यास विषाणू समजण्यात आले.

उत्तर मिळाले ते पूर्वेकडून. १९६७ साली दोई व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी खुजावलेल्या तुतीच्या रसवाहिन्यांत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, भित्तिकाहीन सूक्ष्मजीव पाहिले. टेट्रासायक्लीन दिले असता त्या झाडांची लक्षणे मावळत. विषाणूवर हे औषध चालत नाही, म्हणून हे जीव जिवाणूंच्याच कुळातले ठरले. दोनच वर्षांत, १९६९ मध्ये, भारत, इंग्लंड व हॉलंड येथील संशोधकांनी स्पाइकग्रस्त चंदनाच्या रसवाहिन्यांतही तसेच जीव दाखविले. सत्तर वर्षांचे कोडे उकलले. या जीवांस पुढे फायटोप्लाझ्मा हे नाव मिळाले.

ते काचपात्रात का वाढत नाहीत, याचेही उत्तर आता पुष्कळसे हाती आले आहे. २००४ साली जपानमध्ये कांद्याच्या पिवळ्या रोगाच्या फायटोप्लाझ्माचा जनुकसंच संपूर्ण वाचण्यात आला. स्वतःची ऊर्जा निर्माण करण्याचे एक मूलभूत यंत्रच त्यात नाही, असे आढळले. ज्यास शिधा दुसऱ्याच्या कोठारातून मिळतो, त्याने आपली चूल मोडून टाकावी, तसा हा प्रकार आहे. वनस्पती व तुडतुडे यांच्या शरीराबाहेर त्यास संसार नाही.

असे न वाढणारे जिवाणू वनस्पती व प्राणी यांच्या अंगी असंख्य आहेत. त्यांना शास्त्रात स्थान द्यावयाचे कसे? १९९४ मध्ये मरे व श्लायफर यांनी ‘कॅन्डिडॅटस’ हा वर्ग सुचविला. प्राचीन रोममध्ये अधिकारपदाची इच्छा करणारा शुभ्र वस्त्र परिधान करून लोकांपुढे येई. त्या उमेदवारासाठी हा शब्द. जनुकांवरून ओळख पटली, परंतु काचपात्रातला दाखला नाही, म्हणून नेमणूक अद्याप कायम नाही, असा त्याचा भावार्थ.

रोगाचे नाव कळले, तरी उपाय हाती आला असे नाही. टेट्रासायक्लीनने चंदनाचे झाड काही काळ सावरते आणि पुन्हा खंगते. केरळातील मरयूरच्या चंदनवनातही या रोगाने पाय रोवले आहेत. कर्नाटकाने २००१ मध्ये कायदा बदलून शेतकऱ्यास आपल्या शेतातील चंदनावर हक्क दिला. मारतहळ्ळीसारखी एके काळची खेडी आज बेंगळुरू नगराच्या पोटात गेली आहेत. जे रान उरले आहे, त्यात आणि शेतकऱ्याच्या बांधावर आता चंदनाचे भवितव्य आहे. ज्याच्या हाती वृक्ष आला, त्याच्या हाती निरोगी रोप देणे आणि रोगट झाड वेळीच ओळखण्याची विद्या पोहोचविणे, हे शास्त्राचे व शासनाचे उरलेले काम होय. ते झाले नाही, तर सहाण राहील आणि उगाळावयास खोड राहणार नाही.