व्होडका जास्त वेळा डिस्टिल केली की जास्त ‘स्मूद’ लागते का?

‘ट्रिपल डिस्टिल्ड’, ‘पाच वेळा डिस्टिल्ड’... व्होडकाच्या बाटल्यांवर असे शब्द ठळकपणे छापलेले असतात. आकडा मोठा असला की किंमतही बऱ्याचदा मोठी असते. जितक्या जास्त वेळा डिस्टिल केली, तितकी व्होडका घशाखाली अलगद उतरते, असा समज त्यामागे आहे. पण खरंच तसं होतं का? थोडक्यात सांगायचं, तर सुरुवातीच्या काही फेऱ्यांपुरतं होतं. त्यानंतर फारसा फरक पडत नाही.

डिस्टिलेशनमध्ये नेमकं काय होतं?

डिस्टिलेशन म्हणजे शाळेत शिकलेलं ऊर्ध्वपातन. धान्य, बटाटा किंवा उसाची मळी आंबवून तयार झालेलं मिश्रण तापवलं जातं. इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल, ७८.४ अंश सेल्सिअसला उकळतं, तर पाणी १०० अंशांना. त्यामुळे वाफेत अल्कोहोलचं प्रमाण जास्त असतं. ही वाफ थंड केली की अधिक तीव्र द्रव मिळतो.

आंबवताना इथेनॉलसोबत इतर पदार्थही तयार होतात. अ‍ॅसिटाल्डिहाइडला उग्र वास असतो, तर फ्यूजेल ऑइलमुळे कडवट, रंगाच्या थिनरसारखी चव येते. प्रत्येक फेरीत हे पदार्थ कमी होत जातात. म्हणून एकदा आणि तीनदा डिस्टिल केलेल्या दारूत फरक जाणवू शकतो.

मग दहा वेळा केल्यावर?

इथे निसर्गाचीच मर्यादा आड येते. अल्कोहोल वजनाने साधारण ९५.६ टक्के झालं की वाफेत आणि द्रवात त्याचं प्रमाण सारखंच राहतं. त्यामुळे साध्या डिस्टिलेशनने ते आणखी वाढत नाही. अमेरिकेत व्होडकाचं अल्कोहोल किमान ९५ टक्क्यांपर्यंत, तर युरोपियन युनियनमध्ये किमान ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध करावं लागतं. म्हणजे बहुतेक कंपन्या आधीच या मर्यादेजवळ असतात.

शिवाय ‘एक वेळा’ कशाला म्हणायचं? १८३० मध्ये एनियस कॉफी यांनी कॉलम स्टिलचं पेटंट घेतलं. या उंच कॉलममध्ये एकावर एक प्लेट्स असतात आणि प्रत्येक प्लेटवर छोटं डिस्टिलेशन होत राहतं. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतही मळीपासून अल्कोहोल अशाच कॉलममध्ये बनतं. आता मोजायच्या त्या प्लेट्स, कॉलम की पूर्ण प्रक्रिया? जसं मोजाल, तसा आकडा बदलतो.

तरीही घसा का जळतो?

कारण जळजळ प्रामुख्याने इथेनॉलचीच असते. मिरची खाल्ल्यावर शरीरातला जो रिसेप्टर जागा होतो, तोच दारूनेही होतो. एरवी तो सुमारे ४२ अंशांच्या उष्णतेला प्रतिसाद देतो. अल्कोहोलमुळे तो ३४ अंशांच्या आसपासच सक्रिय होतो, असं २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. शरीराचं तापमान त्याहून जास्तच असतं. कितीही वेळा डिस्टिल केलं, तरी इथेनॉल जात नाही.

चवीतला फरक कुठून येतो?

बाटलीत साधारण ६० टक्के पाणीच असतं, त्यामुळे पाण्याचा दर्जा महत्त्वाचा ठरतो. कोळशातून गाळल्यावर उरलेला उग्रपणा कमी होतो. काही व्होडकांमध्ये किंचित साखरही असते. युरोपियन युनियनमध्ये लिटरमागे ८ ग्रॅमपर्यंत, तर अमेरिकेत २ ग्रॅमपर्यंत साखरेला परवानगी आहे. थंडगार व्होडका दाटसर लागते आणि तिचा वासही कमी जाणवतो.

हे लक्षात ठेवा

लेबलवरच्या मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजले, तरी चव अधिक चांगली मिळेलच असं नाही. आणि ‘स्मूद’ म्हणजे सौम्य नव्हे. घसा जळला नाही, तरी पोटात अल्कोहोल तेवढंच जातं, उलट किती प्यायली याचा अंदाज चुकू शकतो. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. स्मूद व्होडकाही त्याला अपवाद नाही.