मतदारसंघातला ‘संघ’

हिंदी ज्याला ‘निर्वाचन क्षेत्र’ म्हणते आणि उर्दू ‘हलका’, म्हणजे वर्तुळ, त्याला मराठी ‘मतदारसंघ’ म्हणते. क्षेत्र आणि हलका जमिनीवर आखता येतात. संघ माणसांचाच होतो. निजामी राजवटीत नांदेड-लातूरच्या सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती, तरी तिथेही टिकला तो संघच. माझ्या मते हा शब्द घडला तेव्हा मतदारांची विभागणी गावशिवारापेक्षा समाजावरून होत होती. १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांना वेगळे मतदारसंघ दिले आणि १९३२ च्या पुणे करारापर्यंत वाद पेटला तो ‘स्वतंत्र मतदारसंघ’ की ‘संयुक्त मतदारसंघ’ यावर. इथे शब्दाचा अर्थ उघडच ‘मतदारांचा गट’ असा आहे. एकाच गावात शेजारी राहणारे दोघे दोन वेगळ्या मतदारसंघांत असू शकत. फिजीत २०१३ पर्यंत असंच होतं: रोटुमा बेटाचा माणूस देशात कुठेही राहत असला तरी रोटुमन यादीत मत देई, आणि त्या यादीची संसदेत एक जागा होती.

‘मतदार’चंही पाहू. त्यातला ‘दार’ म्हणजे संस्कृत ‘दाता’चं झिजलेलं रूप, असं कुणी म्हणेल, हिंदीचा ‘मतदाता’ शेजारी असल्याने ते पटण्याजोगं वाटतं. पण मराठीत ‘दाता’ झिजून ‘दार’ होत नाही, ‘दातार’ होतो. उलट हक्कदार, खातेदार, हिस्सेदार ही फारसी प्रत्ययाची रांग समोर उभी आहे. मतदार म्हणजे मत देणारा नसून मत बाळगणारा, आणि खेड्यात शेतसाऱ्यावर मताधिकार ठरायचा त्या काळी बहुतेक मतदार खातेदारच असत. म्हणून फारसी शेपटाला संस्कृत ‘संघ’ जोडणारा हा संकर मला मुळीच विचित्र वाटत नाही.

आक्षेप असा की ‘संघ’ हे ‘कॉन्स्टिट्युअन्सी’ या इंग्रजी शब्दाचं नुसतं भाषांतर असेल. तिथेही मूळ अर्थ मतदारांचा समुदाय असाच आहे. मान्य. पण मग जुना अर्थ मराठीत अजून जिवंत का? विधान परिषदेचे पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ पाहा: मराठवाड्याचे आठही जिल्हे एकत्र, पण आत शिरायला पदवी किंवा शिक्षकी लागते. घटनेनेही ८१ व्या अनुच्छेदात मतदारसंघाला ‘प्रादेशिक’ हे विशेषण लावलं आहे. शब्दातच प्रदेश असता तर त्याची गरज नव्हती.

नांदेडने तर गटाकडून प्रदेशाकडे होणारं हे संक्रमण प्रत्यक्ष पाहिलं. १९५७ ला तिथून दोन खासदार निवडून आले, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे हरिहर सोनुले आणि काँग्रेसचे देवराव कांबळे. मतदाराला मतं दोन, पण एकाच उमेदवाराला दोन्ही देता येत नसत. पुणे करारातल्या राखीव जागा आणि संयुक्त मतदार यांचा मेळ असा एकाच सीमेत घातला होता. त्या वर्षी आंध्रातल्या पार्वतीपुरम या अशाच दोन जागांच्या मतदारसंघात राखीव जागेबरोबर सर्वसाधारण जागाही आदिवासी उमेदवाराने जिंकली, पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी हरले, आणि १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ मोडले. माझा तर्क असा की ‘संघ’ त्या दिवसापासून लोकसभेपुरता तरी नकाशात बसला. पुढच्याच निवडणुकीत नांदेडला एक जागा होती आणि लातूर अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ म्हणून उभा राहिला. आज लोह्याचा मतदार जिल्ह्याने नांदेडचा आणि लोकसभेला लातूरचा.