भीतीने मोकळे केलेले मैदान : १८५७ नंतरची दिल्ली

नगराच्या इतिहासात इमारतींची नोंद होते. रिकाम्या जागांची सहसा होत नाही. दिल्लीच्या लाल किल्ल्यासमोरील मोकळे मैदान या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. शाहजहानने वसविलेल्या या शहरात किल्ल्यालगत हवेल्या, मशिदी, बाजार आणि दाट वस्ती होती. ती वस्ती काळाच्या ओघात नाहीशी झाली नाही. ती सुरक्षेच्या नावाने हटविण्यात आली.

सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्ली पुन्हा जिंकली आणि रहिवाशांना तटाबाहेर घालविले. हिंदूंना १८५८ च्या आरंभापासून परतू दिले गेले. मुसलमानांवरील निर्बंध त्यानंतरही टिकले. ज्या गल्लीत जन्म गेला, तेथे राहण्यासाठीही परवाना दाखवावा लागू लागला. बल्लीमारान भागात राहिलेल्या मिर्झा गालिबच्या पत्रांतून या परवान्यांची, उजाड मोहल्ल्यांची आणि पाडापाडीची साक्ष मिळते.

किल्ला फौजेची छावणी बनला. आतील बहुतेक वास्तू पाडून बराकी उभारल्या गेल्या. तोफांच्या माऱ्याच्या आड काही येऊ नये, म्हणून तटापासून सुमारे साडेचारशे यार्डांपर्यंतची वस्ती जमीनदोस्त केली गेली. अकबराबादी मशीदही त्यात गेली. सरकारजमा झालेली जामा मशीद १८६२ मध्ये अटींवर परत मिळाली. घरे गमावलेल्यांना भरपाईदाखल चिठ्ठ्या देण्यात आल्या. जप्त मालमत्ता विकत घेताना त्या किमतीत वळत्या होत. म्हणजे एकाच्या पाडलेल्या घराचा मोबदला दुसऱ्याच्या जप्त घरातून फेडला गेला. भीतीने केवळ नकाशा बदलला नाही, शेजारही बदलला.

१६ ऑगस्ट १९४७ रोजी पंडित नेहरूंनी याच किल्ल्यावर तिरंगा फडकविला. प्रजेच्या भयाने मोकळी केलेली भूमी नागरिकांच्या मेळाव्याची जागा झाली. फौज मात्र २००३ पर्यंत आत होती. २२ डिसेंबर २००० रोजी तिच्यावर दहशतवादी हल्लाही झाला. परकी सत्तेला वाटणारे प्रजेचे भय आणि नागरिकांवरील हल्ल्याचा धोका एकाच मापाने मोजता येणार नाहीत. तथापि बंदोबस्ताच्या प्रत्येक उपायाला एक प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते : कारण सरल्यावर जागा कोणाकडे परत जाते? १८५७ चा उठाव दोनेक वर्षांत शमला; त्याच्या भयाने पाडलेली वस्ती पुन्हा उभी राहिली नाही.