तेल चालत नाही तेथे : खानदेशच्या जिनातील रूळ आणि पाते

बैलगाडीचे चाक कुरकुरू लागले की गाडीवान खाली उतरतो, कण्याला वंगण लावतो आणि पुन्हा वाटेला लागतो. झिजेवरचा हा तोडगा इतका जुना आहे की त्याचा इतिहास लिहावा असे कोणास वाटत नाही. परंतु ज्या कापसाच्या धंद्यावर जळगाव व धुळे ही गावे मोठी झाली, त्या धंद्याच्या मुख्य यंत्रात एक जागा अशी आहे की तेथे तेलाचा थेंबही चालत नाही. कारण तेथून जाते ती पांढरी रुई, आणि डाग पडला की तिचा भाव गेला. त्या एका जागेची हकीकत आज आम्हांस सांगावयाची आहे.

सरकीपासून रुई वेगळी करणे हे काम आपल्याकडे फार प्राचीन. जळगावपासून दीड-दोन तासांच्या वाटेवर असलेल्या अजिंठ्याच्या चित्रांत, सपाट फळीवर रूळ फिरवून सरकी काढणारी स्त्री पंडितांनी ओळखली आहे. ही चित्रे पाचव्या शतकातील. पुढे दोन रुळांचा चरक आला. एक रूळ लाकडाचा व जाड, दुसरा बारीक लोखंडी. दोघांच्या चिमटीतून रुई पलीकडे जाई व सरकी अलीकडे पडे. लाकूड झिजे, सुतार नवा रूळ करून देई. हातानेच चालणाऱ्या यंत्रात वेग तो काय असणार! त्यामुळे उष्णतेचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

एली व्हिटनेने १७९४ साली अमेरिकेत करवती जिनाचे पेटंट घेतले, आणि कंपनी सरकारने ते यंत्र हिंदुस्थानात रुजविण्याची खटपट केली. १८४० साली त्यासाठी अमेरिकेतून दहा मळेवालेही आणविले. पण करवतीच्या दातांनी धागा तुटे. आमच्या कापसाला मानवले ते दुसरेच यंत्र, फोन्स मॅकार्थीने त्याच १८४० साली काढलेले. त्यात चामड्याने मढविलेला एक रूळ फिरतो व त्याला चिकटून पोलादाचे स्थिर पाते असते. रूळ रुईला पात्याखालून ओढून नेतो, दुसरे हलते पाते सरकीला ठोकरून मागे सारते. धागा अखंड राहतो. पुढे दोन रुळांचे जिन झाले, तरी तत्त्व हेच.

येथे थोडे थांबावयास हवे. इतरत्र घर्षण हा शत्रू. या यंत्रात मात्र तोच कामकरी आहे. रुई रुळाला धरून राहिली पाहिजे, पात्यावरून मात्र घसरली पाहिजे. म्हणजे एकाच ठिकाणी एका बाजूला घर्षण भरपूर हवे आणि दुसऱ्या बाजूला अल्प. पाते गुळगुळीत ठेवावयाचे व रूळ खरबरीत. आणि या दोघांना दाबून धरावयाचे. दाब कमी पडला तर सरकीवर रुई राहते. अधिक झाला तर रूळ तापतो, चामडे करपते, त्यावर तुकतुकी चढते आणि पकड सुटते. मग रुळावर पुन्हा चऱ्या पाडाव्या लागतात. प्रत्येक वेळी तो थोडा बारीक होतो. असा झिजत गेलेला रूळ कोठे जातो? काही भाग रुईत जातो, काही हवेत.

प्लॅस्टिकचा दाता पोलादावर चालविणाऱ्या कारागिराचीही अडचण याच जातीची असते. त्याला पकड नको, घसरण हवी, एवढाच फरक. दाब, वेग आणि उष्णता हे तिघे त्याचेही वैरी. पोलाद खरबरीत असेल तर ते कानसीसारखे प्लॅस्टिक खरवडते. आणि प्लॅस्टिक उष्णता वाहून नेत नसल्यामुळे ती सांध्यातच कोंडते. १९३८ साली सापडलेले टेफ्लॉन आपलाच पातळ थर पोलादावर चढविते व मग स्वतःवरच घसरते. या सर्व विचाराला 'ट्रायबॉलॉजी' असे नाव मिळाले ते १९६६ साली इंग्लंडात. जिनातील फिटरला त्या नावाची गरज पडली नव्हती.

खानदेशात हे यंत्र आले ते रेल्वेच्या पाठोपाठ. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरला कापूस मिळेना, आणि तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. जळगाव ही पेठ झाली ती याच सुमारास. धुळ्याला चाळीसगावहून रुळांचा फाटा १९०० साली मिळाला. वाफेवर चालणारे जिन दिवाळीनंतर सुरू होत व उन्हाळ्यात थंडावत.

या हंगामीपणाचे एक कटू फळ होते. १८८१ चा पहिला कारखाना-कायदा वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालणाऱ्या आणि शंभराहून कमी माणसे नसलेल्या कारखान्यांनाच लागू होता. जिन त्यातून निसटले. १८८४-८५ साली मुंबई सरकारच्या आयोगापुढे खानदेशातील जिनांची माहिती आली तेव्हा कळले की पहाटे चार-पाचपासून रात्री आठ-नऊपर्यंत काम चाले, आणि घाईच्या दिवसांत रात्रंदिवस. जिनात कापूस घालण्याचे काम बहुधा बायकांचे. रुळाची भुकटी व रुईचे तंतू ज्यांच्या श्वासात जात, त्यांच्यापर्यंत कायदा पोचतच नव्हता. त्या काळच्या मोठ्या मोठ्या भाषणांत मँचेस्टरचा उल्लेख पुष्कळ आढळतो; या बायकांचा फारच थोडा.

चामड्याचे रूप पुढे बदलले. आरंभीच्या यंत्रांत ध्रुवप्रदेशातील वॉलरस या सागरी प्राण्याचे जाड कातडे वापरीत. क्रोम घालून कातडे कमावण्याची रीत अमेरिकेत १८८४ साली निघाली, तीतून टिकाऊ व स्वस्त चामडे मिळू लागले. हिंदुस्थानातील जिनांत अशा चामड्याच्या गोल चकत्या पोलादी दांड्यावर ओवून, दाबून रूळ करण्याची चाल पडली. चकतीची कड बाहेर येते, म्हणून पकड चांगली. परंतु या चामड्यात वजनाने शेकडा दोन-तीन भागांपर्यंत क्रोमियम असते. ते मूळचे फारसे उपद्रवी नव्हे. तथापि उष्णतेने त्याचा काही अंश विषारी रूपात जाऊ शकतो. आणि उष्णता तर येथे घर्षणच निर्माण करीत होते. चऱ्या पाडताना उडणारी भुकटी आणखी वेगळी.

हा दोष संशोधकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस मनावर घेतला. मुंबईस माटुंग्याला १९२४ सालापासून कापसाची संशोधनशाळा आहे. तिचे जिनिंगचे शिक्षणकेंद्र नागपुरास आहे. विदर्भ हा खानदेशचा शेजारी आणि कापसातला थोरला भाऊ, म्हणून नागपुरातच या प्रश्नावर पुष्कळ काम झाले. त्यातून रबराने सांधलेल्या सुती कापडाच्या चकत्यांचा रूळ आला. सुती थराची टोके रबरातून थोडी वर डोकावतात. पकड तीच धरतात. वरची झिजली की खालची उघडी पडतात. रुई ओढण्यासाठी सुतालाच कामाला लावले, ही कल्पना आम्हांस फार आवडली. क्रोमियमचे नाव नाही. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापसाची तंत्र-मोहीम सुरू केली व जुने जिन सुधारण्यास पैसा मिळू लागला.

तरी रबर म्हणजे काही जादू नव्हे. तेही उष्णता कोंडते, आणि दाब अधिक झाल्यास मऊ पडून झिजते. म्हणून नव्या रुळावर पाते बसविताना जुन्या सवयीने आवळून चालत नाही. चामड्यावर हात बसलेल्या फिटरला येथे दाबाचा अंदाज पहिल्यापासून शिकावा लागतो. तेल मात्र अजूनही तेथे चालत नाही.